हँडल डावीकडे खेचलं तरी बाईक उजवीकडे का गेली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून हा प्रसंग मी इतक्या वेळा ऐकलाय की पुढचं वाक्य काय असेल ते आधीच कळत होतं. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साधारण ५५ च्या स्पीडने सरळ चालला होतात, उजवीकडून एक कार एकदम बाहेर आली आणि अर्धा रस्ता अडवून थांबली. डावीकडून निघायला जागा होती, तुम्ही दचकून हँडल डावीकडे खेचलं आणि बाईक कारच्याच दिशेने कलली. मग दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं आणि कारपासून हातभर अंतरावर कसेबसे थांबलात. मेकॅनिकने बेअरिंग, चाकं, चेसिस सगळं बघून गाडीत काही फॉल्ट नाही म्हणून सांगितलं. आता तुम्ही विचारताय की मग गाडी उलटी का गेली, आणि अशा वेळी ब्रेक मारायचा की कट मारायचा, म्हणजे झटकन बाजूला व्हायचं.

तुम्हाला लागलं नाही हे फार बरं झालं. आणि मेकॅनिक बरोबर बोलला. बाईकने तुमच्या हातांचं ऐकलं, फक्त तुमच्या मनात एक होतं आणि हातांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. मी गेली एकोणीस वर्षं लोकांना बाईक शिकवतोय, त्यातले बरेच जण दहा-दहा वर्षं गाडी चालवून मग येतात, आणि त्यांच्यातल्याही बहुतेकांना पहिल्या दिवशी विचारलं की चालत्या बाईकला डावीकडे न्यायचं तर हातांनी नेमकं काय करता, तर उत्तर येतं "हँडल डावीकडे वळवतो". पण चालत्या बाईकवर त्यातलं कोणीच प्रत्यक्षात तसं करत नसतं.

हे समजायला एक काठी घ्या आणि तळहातावर उभी धरून बघा. काठी डावीकडे झुकवायची असेल तर हात कुठे न्यावा लागतो? उजवीकडे. बूड उजवीकडे सरकलं की शेंडा डावीकडे पडायला लागतो. बाईकचंही असंच आहे. टायर जिथे रस्त्याला टेकतात ते तिचं बूड, आणि तुम्ही, टाकी, इंजिन हे सगळं वरचं वजन. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळलं की बूड उजवीकडे निघून जातं, वरचं वजन मागे राहतं आणि बाईक डावीकडे कलते, कलली की मग चाक आपोआप त्या बाजूला वळतं आणि बाईक डावीकडे जाते. म्हणजे डावीकडे जायला हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची, तिनेच चाक क्षणभर उजवीकडे वळतं. डावी ढकला, डावीकडे जा. उजवी ढकला, उजवीकडे जा. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. तुम्ही हँडल डावीकडे खेचलंत तेव्हा डावी मूठ तुमच्याकडे आली आणि उजवी पुढे गेली, म्हणून बाईक उजवीकडे कलली. कार नेमकी तिथेच होती.

मग रोज वळणावर वळतो तेव्हा असं का होत नाही, हा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. कारण रोजच्या वळणाला शरीर हे स्वतःच करतं, इतक्या हलक्या दाबाने की लक्षातही येत नाही. सायकल शिकताना चार-पाचदा पडून शरीर हे शिकलेलं असतं, डोक्याला मात्र कधी कळलेलं नसतं. राईट बंधूंचा सायकलचा धंदा होता हे बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यातल्या विल्बर राईटने हे नेमकं टिपलं होतं. त्याने कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं की डावीकडे कसे वळता, आणि आधी हँडल किंचित उजवीकडे जातं हे पहिल्यांदा विचारल्यावर एकालाही नीट सांगता आलं नाही. अहो, सगळे रोज तेच करत होते! घाईगडबड नसते तोपर्यंत शरीराच्या हातात कारभार असतो. अचानक काही समोर आलं की डोकं मध्ये पडतं आणि डोक्यात जे चित्र असतं ते लहानपणीच्या तीनचाकी सायकलचं असतं, हँडल वळवा त्या बाजूला जा. कारच्या स्टिअरिंगचंही तसंच. तीन-चार चाकांना ते बरोबर आहे, चालत्या दोन चाकांना नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर गोंधळ होईल. अगदी हळू, म्हणजे ताशी १०-१२ किलोमीटरने यू टर्न घेताना किंवा पार्किंगमधून काढताना तोल सावरता सावरता हँडल जिकडे वळवाल तिकडेच गाडी जाते असं वाटतं, आणि त्या वेगाला तसं चालवलेलं चालतं. साधारण १५-२० च्या पुढे गेलात की ढकलण्याचा परिणाम स्पष्ट जाणवायला लागतो. नेमका आकडा बाईकच्या वजनावर आणि भूमितीवर अवलंबून आहे, पण ३० ला तर कुठल्याही बाईकवर शंका राहत नाही.

कोणी म्हणेल की आम्ही तर अंग झुकवून वळतो, हँडलला हात लावत नाही. अमेरिकेतले सुपरबाईकचे प्रशिक्षक कीथ कोड यांनी याचसाठी एक बाईक बनवून घेतली होती, तिच्यावर नेहमीच्या हँडलशिवाय दुसऱ्या मुठी थेट फ्रेमला पक्क्या बसवल्या होत्या. त्या मुठी धरून लोकांनी कितीही अंग टाकलं तरी बाईक थोडीशी डुलायची, भरवशाने वळायची नाही. अंग टाकून बाईक हळूहळू एका बाजूला नेता येते हे खरं, पण एका सेकंदात दोन मीटर बाजूला न्यायची असेल तर हँडल ढकलल्याशिवाय होत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ब्रेक की कट. याला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण हे वेगावर, अंतरावर, रस्त्यावर आणि बाजूला काय आहे त्यावर ठरतं. पण त्यामागचा हिशोब सांगतो, तो कळला की अंदाज यायला लागतो. कोरडा चांगला डांबरी रस्ता, बरे टायर आणि ब्रेकचा सराव असलेला माणूस धरला तर ४० च्या वेगाला थांबायला साधारण ९ मीटर लागतात, ६० ला २० मीटर आणि ८० ला ३६ मीटर. हे ब्रेक लागल्यापासूनचं अंतर, त्याच्या आधी डोळ्याने बघून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर ६० ला आणखी जवळपास १७ मीटर जातात. वेग दुप्पट तर ब्रेकचं अंतर चौपट. कट मारायचा हिशोब वेगळा असतो. दोन मीटर बाजूला सरकायला बाईक कलवायचा वेळ धरून साधारण दीड सेकंदाच्या आतबाहेर लागतो आणि हा वेळ वेगाने फारसा बदलत नाही, म्हणून अंतर वेगाच्या प्रमाणातच वाढतं, ४० ला १५-१६ मीटर, ६० ला २३-२४, ८० ला ३१-३२. हे माझे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या बाईकवर थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र यातून दिसतं. ४० च्या आसपास ब्रेक सरळ सरळ जिंकतो, ६० ला दोन्ही जवळजवळ सारखे, आणि त्याच्या बरंच वर गेलात की कट कमी जागेत बसतो.

पण एवढ्यावर ठरवू नका. ब्रेकमध्ये एक मोठी गोष्ट आहे, तो अर्धवट लागला तरी वाया जात नाही. ६० वरून ३० वर येऊन धडकलात तर वेग अर्धा पण धडकेची ऊर्जा चौथा हिस्सा राहते. कट अर्धवट मारला तर बऱ्याचदा जवळजवळ पूर्ण वेगाने आपटता, तेही कललेल्या अवस्थेत. शिवाय कट मारायला बाजूला जागा रिकामी आहे हे आधीच माहीत असावं लागतं, कारण आरशात बघायला त्या क्षणी वेळ नसतो. समोरचा स्थिर आहे की हलतोय हेही महत्त्वाचं. आडव्या जाणाऱ्या गाडीच्या मागच्या बाजूने निघणं बरं कारण ती तिथून निघून जात असते, पण ड्रायव्हर तुम्हाला बघून मध्येच थांबूही शकतो, तुमच्या केसमध्ये तेच झालं. आणि कुत्रं किंवा कुठलंही जनावर असेल तर मी शक्यतो सरळ रेषेत जोरदार ब्रेकच सांगतो, कारण ते कुठे वळेल ते त्यालाही माहीत नसतं. तुमच्या ठिकाणी, ५५ चा वेग आणि कार थांबलेली, मी असतो तर आधी ब्रेक आणि शेवटी लागलाच तर ब्रेक सोडून डावीकडे एक धक्का, असं केलं असतं.

"ब्रेक सोडून" हे मुद्दाम लिहिलंय, त्याच्यासाठी माझं कॉलरबोन मोडलंय. शिकवायला लागायच्या आधीची गोष्ट. ७० च्या आसपास असताना एक हातगाडी आडवी आली, मी पुढचा ब्रेक पूर्ण दाबला आणि तसाच दाबलेला ठेवून उजवीकडे कट मारला. पुढचं चाक एकदम निसटलं, गाडी खाली आणि मी खांद्यावर. त्या दिवशी मला ग्रिपचा हिशोब कळला तो असा: टायरकडे ग्रिपचे समजा शंभर रुपये आहेत, थांबायला खर्च करा किंवा वळायला, पण दोन्हीकडे शंभर-शंभर नाही देता येत. मी नव्वद ब्रेकला देऊन वळायला आणखी साठ-सत्तर मागत होतो. म्हणून एक तर आधी ब्रेक, मग सोडा, मग ढकला. नाहीतर आधी ढकलून बाजूला व्हा, बाईक सरळ उभी करा आणि मग ब्रेक. काही नवीन बाईकना वळणातही काम करणारं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतं, त्याने चूक थोडी माफ होते, पण ग्रिप तेही तयार करत नाही. साधं एबीएस असेल तर सरळ रेषेत निर्धास्त दाबा, त्यासाठीच ते आहे, लिव्हर थरथरला म्हणून सोडू नका.

तुमचं मागचं चाक घसरलं याचंही कारण सांगतो. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि मागच्या ब्रेकवर तितकाच जोर असेल तर ते लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरत जातं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि तोच लोक घाबरून कमी वापरतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या भागात नऊशे बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले गेले होते, १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला, हॅरी हर्ट यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातही हेच सापडलं की चालक मागचं चाक लॉक करतात, पुढचा ब्रेक पुरेसा दाबत नाहीत, आणि काउंटरस्टिअरिंग करून वाट काढणं तर जवळपास कोणाला जमलेलंच नव्हतं. आणि सगळं निस्तरायला हाताशी असलेला वेळ साधारण दोन सेकंदांच्या आत. तुम्ही एकटे नाही, इतकंच सांगायचंय. पुढचा ब्रेक झटकन आवळायचा नाही, दाबत न्यायचा, आधी पुढचे शॉकअप खाली बसू द्यायचे म्हणजे टायर रस्त्यावर नीट दाबला जातो, आणि मग जोर वाढवत जायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं पण हा क्रम चुकला तर पुढचं चाक लॉक होऊ शकतं. आणि ते सुटल्यावर गाडी सावरणं फार अवघड.

नजरेबद्दल बोललं नाही तर उत्तर अर्धवट राहील. घाबरल्यावर डोळे ज्याची भीती वाटते त्याच्यावर चिकटतात आणि हात डोळ्यांच्या मागे जातात. रिकाम्या मैदानात एकच खांब असला तरी नवशिके नेमके त्यालाच जाऊन धडकतात, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. कार दिसली, ठीक आहे, आता जिथून निघायचंय त्या जागेकडे बघा, कारच्या दाराकडे नाही. मान वळवून बघा. सांगायला सोपं आहे आणि त्या क्षणी फार अवघड, म्हणून हे रोज करायचं, खड्डा दिसला की खड्ड्याकडे न बघता त्याच्या शेजारच्या चांगल्या पट्ट्याकडे बघायची सवय लावा.

खड्ड्यावरून आठवलं. चुकवता येतच नसेल तर त्याच्या आधीपर्यंत ब्रेक मारा आणि काठावर ब्रेक सोडा, ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉकअप आधीच दबलेले असतात, त्यांना धक्का घ्यायला जागा उरत नाही. फुटरेस्टवर थोडं उभं राहा, गुडघे आणि कोपर सैल, हँडल सरळ. वाळू, खडी, ओला पांढरा पट्टा, सांडलेलं डिझेल, लोखंडी झाकण, यांच्यावर कट मारायचं नाव काढू नका, सरळ आणि ब्रेकशिवाय पार करा. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात.

आता सराव. रिकामी, कोरडी, खडी नसलेली मोकळी जागा शोधा, हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट घालून जा. पहिल्या दिवशी फक्त ३० च्या वेगाने सरळ जाताना मुठी सैल धरा आणि उजव्या तळव्याने उजवी मूठ हळूच पुढे दाबा. खाली नाही, पुढे, हे नव्वद टक्के लोकांना दोनदा सांगावं लागतं. बाईक उजवीकडे जाईल. मग डावीकडे. हे वीस-पंचवीस वेळा करा, तोंडाने बोलत करा, "ढकल". तुमच्या डोक्यातला "वळव" हा शब्द निघून तिथे "ढकल" बसायला पाहिजे, बाकी तंत्र आपोआप येतं. हात ताठ असतील तर काही होणार नाही, कारण एका हाताने ढकलताय आणि दुसरा अडवतोय, म्हणून गुडघ्यांनी टाकी धरा आणि वरचं अंग सैल ठेवा.

दुसऱ्या टप्प्यात दोन मऊ अडथळे ठेवा, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात, आणि त्यांच्यापुढे येऊन एक जोरकस धक्का देऊन बाजूला व्हा आणि लगेच दुसऱ्या मुठीला धक्का देऊन परत सरळ व्हा. दुसरा धक्का लोक विसरतात, आणि मग अडथळा चुकवून रस्त्याच्या बाहेर जातात. या वेळी अंग सरळ ठेवा, खालून बाईक डावी-उजवी कलू द्या, वळणात शरीर बाईकसोबत टाकतो तसं इथे करू नका, वेळ जातो. थ्रॉटल स्थिर, ब्रेक नाही. जमलं की एका मित्राला समोर बऱ्यापैकी लांब आणि बाजूला सुरक्षित उभं करा, त्याने ऐनवेळी हात दाखवायचा, डावा, उजवा किंवा दोन्ही, दोन्ही म्हणजे ब्रेक. आधीपासून ठरलेल्या बाजूला कट मारणं आणि आयत्या वेळी कळणं यात किती फरक आहे ते इथे कळतं. वेग ४० च्या वर नेऊ नका, सवय ३० लाही लागते.

आणि रस्त्यावर रोज, प्रत्येक साध्या वळणाला, लेन बदलताना सुद्धा, जाणूनबुजून ढकलून वळा. गल्ली, चौक, उभ्या गाड्यांची रांग दिसली की दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवा आणि वेग थोडा उतरवा. तीन दशांश सेकंद वाचले तर ६० च्या वेगाला पाच मीटर वाचतात, आणि तुम्ही कारपासून हातभर अंतरावर थांबला होतात.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की मागे माणूस बसलेला असेल तर काय बदलतं. बाईक कलायला आळशी होते म्हणून मुठीला धक्का जास्त जोरात द्यावा लागतो, मागच्या चाकावर वजन असल्याने मागचा ब्रेक थोडा जास्त कामाला येतो, आणि मागच्याने घाबरून उलट्या बाजूला अंग टाकलं तर कट फसतो. त्यामुळे मागे कोणी असेल तेव्हा मी कट मारायचा विचार जवळजवळ सोडून देतो, वेग कमी, अंतर जास्त, आणि ब्रेक. टायरमधली हवाही दोघांच्या वजनाप्रमाणे भरा, चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आकडा असतो. पहिले दोन दिवस मैदानात एकटेच जा आणि ढकलताना बाईक कुठल्या बाजूला लवकर कलते, कुठल्या बाजूला अडखळते ते इथे लिहा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, तुमची कुठली ते कळलं की पुढचं सांगता येईल.